धुण्याच्या दगडातला देव

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, आता मला पाटा म्हणायलाही कुणी नाही. धुण्याचा दगड म्हणतात. म्हणोत बापडे.

विटा गावाजवळच्या या घरात रंगुबाई लग्न होऊन आली, त्याच साली मीही आलो. वाटायला बसण्याआधी ती मला दोन बोटे लावून कपाळाला लावायची. मग मिरची, लसूण, खोबरे. तीस वर्षे डोळ्यात पाणी न आणता सोसले. छिन्नीने टाकी लावणारा यायचा आणि अंगभर टोचून जायचा, त्याचीही कधी तक्रार केली नाही. तिचा धनाजी जन्मला तेव्हा पाचवीला माझीच पूजा झाली. बाळाचे नशीब लिहायला सटवाई येते, म्हणून माझ्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेचा. एकाच अंगावर हळदकुंकू आणि ठेचा, त्याची आम्हाला कधी लाज वाटली नाही.

धनाजी सोने गाळायच्या धंद्यात परमुलखात गेला आणि त्याने इथे बंगला उठवला. संगमरवरी देवघर, त्याला काचेचे दार, दाराला कुलूप. देवाला कोंडून ठेवणारी माणसे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून रंगुबाईच म्हणाली, "ह्ये काळं धोंडं आदी बाहीर टाका. मिक्सर हाय की आता."

दोघा गड्यांनी मला मागच्या नळाखाली आदळले. मी आतून तडकलो. कुणी वाकून पाहिले नाही.

यंदा नातू झाला. पाचवीच्या संध्याकाळी सुनेने, पल्लवीने, मोबाइलवरून मागवलेला एक गुळगुळीत, वीतभर पाटा चौरंगावर ठेवला. रंगुबाईने तो उलटापालटा करून पाहिला.

"ह्याच्यावर कवा एक मिरची तरी वाटलीया? राबलाच न्हाई त्यो देव कसला गं? माझा पाटा आणा."

"आवं आत्या, त्यावर धुणं धुत्यात," पल्लवी सासूला म्हणाली.

"मग? धुणं धुणं पाप हाय व्हय?"

धनाजी मला उचलायला आला. निम्मा मी त्याच्या हातात आलो, निम्मा चिखलातच राहिलो.

"आये, ह्यो तर भंगलाय."

भंगलेले पूजेला चालत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. तिने फक्त विचारले, "कुणी फोडला?"

"तूच न्हवं का बाहीर टाकाय सांगितलंस?"

गावात कुणाचे ऐकून न घेणारी ती बाई पाठ फिरवून आत गेली. नातवाचे नशीब अडून राहायला नको, म्हणून त्या वीतभर पाट्यालाच तिने हळदकुंकू वाहिले. मागचे दार उघडे होते. हात जोडलेले तिकडे, नजर इकडे.

सकाळी ती नळावर आली. माझे दोन्ही तुकडे जवळ ओढले, दोन बोटे लावली आणि कपाळाला नेली. कपाळावर साबणाचा फेस लागला. तिने तो पुसला नाही. मग धुण्याची बाई बादली घेऊन आली, तेव्हा म्हातारीला बाजूला व्हावे लागले.

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूत देव असतो, हे तुम्हाला पटायलाच हवे असे नाही. पण टाकून देताना जरा हळू ठेवा. पाचवी कधी येईल, सांगता येत नाही.