पंचेचाळीस अंशांची रेघ

मुलीने वडिलांच्या हातातला कंपास हिसकावला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण धाडकन लावला.

"अगं, वर्तुळ अर्धं राहिलं!" वडील म्हणाले.

"राहू दे. आमचा गाळा राहिला, त्याचं बोला."

वडील आयुष्यभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. आता ती भूमिती ते बिटकॉइनच्या भावावर चालवत. आलेखाच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक दिवस. भाव तळाला गेला तिथून पंचेचाळीस अंशांची रेघ. भाव रेघेच्या वर आहे तोवर भिऊ नका, वर्तुळ पुरं झालं की तो वळणारच. रोज सकाळी त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाई आणि शेकडो अनोळखी माणसं 'धन्य झालो सर' म्हणत. उतारवयात एवढं कौतुक मिळालं की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

आणि त्या शेकडोंत घरचा जावईही निघावा! फ्रिज दुरुस्त करणारा सरळमार्गी माणूस. दुसऱ्याच्या दुकानात राबून, स्वतःचा गाळा घ्यायचा म्हणून जमवलेले पैसे त्याने बायकोला न विचारता सासऱ्यांच्या रेघेवर लावले होते. आज सकाळी तिला हे कळलं, तेव्हा निम्मेच उरले होते. तेवढे आज हातात पडले तर गाळेवाला बाकीच्यासाठी थांबायला तयार होता. पण नवरा खुर्चीच्या कडेला बसून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"बाबा म्हणतात, शनिवारी वळेल," तो पुटपुटला.

"रेघ तर केव्हाच मोडली म्हणालास ना?"

"मोडलेली नाही," वडील म्हणाले. "जावईबापूंनी ती फोनवर ओढली. फोनवर कोन बिघडतो. माझ्या कागदावर भाव अजून रेघेच्या वरच आहे."

म्हणजे चूक जावयाचीच! तिने नवऱ्याचा फोन ओढून घेतला आणि आलेख दोन बोटांनी आडवा ताणला. रेघ पसरून झोपली. मग चिमटीत आवळला. रेघ ताठ उभी राहिली.

"बघा. बोटाने उठते, बोटाने झोपते. हिच्यावर माझा संसार टांगलात?"

"म्हणून तर मापाचा कागद लागतो."

"आणि एका चौकटीला किती भाव धरायचा, हे माप कुणी ठरवलं?"

"मी," वडील म्हणाले. "अभ्यासाने."

तिने कपाळावर हात मारला. या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"बरं, आमचं जाऊ दे. तुमचे तरी आज विकून टाका. निदान तुमची पुंजी वाचू दे."

"माझे?" वडिलांनी चष्मा काढला. "माझं कुठे काय आहे त्यात?"

जावयाने मान वर केली.

"म्हणजे बाबा, तुम्ही काहीच घेतलं नाही? कधीच?"

"मी अभ्यास करतो हो. पैसे बँकेत आहेत, मुदत ठेवीत."

"का?"

"का म्हणजे? या वयात बुडाले तर खायचं काय?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. नवऱ्याने तिच्या हातातून फोन घेतला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो बराच वेळ अंगठ्याने काहीतरी दाबत राहिला.

"विकले," तो म्हणाला. "गाळेवाल्याला फोन लाव."

"घाई केलीत. शनिवारी पस्तावाल," वडील म्हणाले.

मुलगी दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"आता हेच ग्रुपवर लिहा, बाबा. तुमचे पैसे कुठे आहेत ते. सगळ्यांना कळू दे."

वडिलांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"असं कसं लिहू? लोकांचा विश्वास उडेल ना."