बाकडं, औषधखिडकीसमोर

बटणवालीच्या क्षयावरच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिन्यांच्या रीतसर पोटात गेल्या आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्याच सोमवारी दवाखान्याच्या संगणकाने तिला ओळख दाखवायचं बंद केलं.

सिस्टरने पुन्हा नाव घातलं. पडद्यावर उत्तर आलं : 'पत्ता अस्तित्वात नाही.'

"खरं बोलतोय बिचारा," बटणवाली खोकत म्हणाली. "गेल्या बुधवारीच पाडलं की घर."

शर्टांना बटणं लावून पोट भरणारी ही बाई आता नदीपलीकडे ताडपत्रीखाली राहत होती. तिकडचा दवाखाना म्हणे, आधी बदलीपत्र आणा. बदलीपत्राला नवा पत्ता हवा, आणि ताडपत्रीला कुठला आलाय पत्ता! इकडे मात्र वस्ती उठल्याबरोबर विभागातला क्षय निम्म्यावर आला, म्हणून मोठ्या साहेबांचा सत्कार ठरला होता.

सिस्टरला सत्काराचं सोयरसुतक नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर होता तो जंतू : अर्धवट मार खाऊन जास्तच शहाणा झालेला. गोळ्या मध्येच तुटल्या, तर पुढे याच गोळ्यांना तो भीक घालणार नव्हता.

"ताई, इथं आल्यावर बसता कुठं तुम्ही?"

"हे काय, या बाकड्यावर."

सिस्टरने टाइप केलं : बाकडं, औषधखिडकीसमोर. संगणकाने निमूट गोळ्या मंजूर केल्या.

उठवलेल्या वस्तीतल्या बाकीच्या रुग्णांत बातमी कर्णोपकर्णी झाली. महिन्याभरात त्या चार फुटी बाकड्यावर कागदोपत्री एकोणीस बिऱ्हाडं नांदू लागली.

"अहो, सरका की जरा! माझंही घर आहे ते."

"मग घरात चपला घालून कशाला शिरता?"

शेवटी रुग्णांच्या पत्त्यांचा तक्ता मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला. "एका पत्त्यावर एकोणीस रुग्ण? रोगाचं आगर आहे ते! सत्काराआधी हटवा." पत्ता बघायला कोणी आलं नाही, दोन हमाल आले आणि बाकडं घेऊन गेले.

बटणवालीच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या अजून बाकी होत्या.

"दुसऱ्यांदा उठवलं हो," ती म्हणाली. "सिस्टर, आता मी कुठं राहते?"

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि टाइप केलं : सोफा, मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर.

"तिथून नाही ना उठवणार?"

"छे! साहेब बदलतात, सोफा नाही."

संगणकाने या खेपेला तीनही आठवड्यांच्या गोळ्या एकदम मंजूर केल्या.