मुंग्या

“आलं का?” भीमराजनं धाब्यावरून ओरडून विचारलं.

“मुंग्याच हायत,” खालून गहिनीनाथतात्यांचं उत्तर आलं.

वाऱ्यानं अँटेना फिरला असेल म्हणून त्यानं पाइप धरून जरा वळवला, तसा खाली गलका झाला. आलं, लख्ख आलं. त्यानं पाइप तारेनं आवळून बांधला, हात काढला, की पडद्यावर पुन्हा मुंग्या. पाइप तोच, दिशा तीच, पण हात लावला की चित्र आणि काढला की मुंग्या. पंप-मोटारी दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण असला हट्टी नग त्यानं पाहिला नव्हता. आणि हा हट्ट नेमका आजच.

आज त्याची यशोधरा टीव्हीवर येणार होती. राहुरीला शेतकीच्या कॉलेजात शिकणारी पोर मुंबई केंद्रावर लिंबाच्या बागेविषयी बोलणार होती, तेही जेमतेम पाच मिनिटं. रंगीत टीव्ही तात्यांकडे, म्हणून तात्यांनी आपणहून निरोप धाडला होता, दोघंबी या. भीमराज या धाब्यावर कितीदा तरी चढला होता. बैठकीत बसायची वेळ कधी आली नव्हती. कुणी आणली नव्हती, हे जास्त खरं.

“भीमा, हात काढू नको रं, सुरू झालं.”

त्याचा जीव टांगणीला लागला. आता कुणीतरी वर येईल, म्हणेल, सरक, मी धरतो. खाली चांगले तरणेताठे बसले होते. कुणी हललं नाही. त्यांना छान दिसत होतं ना.

मग यशोधराचा आवाज आला. आवाज कळला, शब्द मात्र वाऱ्यानं नेले. पाइप सोडावा तर सगळ्यांचंच चित्र जाणार, खाली बसलेल्या त्याच्या बायकोचं, कलाबाईचंही.

शिडी करकरली. पदर खोचून, धापा टाकत कलाबाईच वर आली.

“म्या पाह्यली थोडी. आता जावा तुमी. म्या धरते.”

“जमंल तुला?”

“हातच लावायचाय न्हवं? जावा म्हन्ते ना.”

तिनं पाइप धरला, मगच त्यानं सोडला. धडपडत शिडी उतरून तो बैठकीच्या दाराशी पोचला आणि तिथं त्याचे पाय थांबले. कुणी अडवलं नव्हतं. उंबऱ्याशी उभं राहायचं आणि आतून हाक आली की पुढं व्हायचं, ही जन्माची सवय. हाक येईना. सगळ्यांच्या पाठी दाराकडे होत्या, त्यांच्या फटींतून नुसता उजेड दिसत होता. यशोधरा पाण्याच्या पाळ्या सांगत होती, किती ठणठणीत सांगत होती. मग ती धन्यवाद म्हणाली.

तेव्हा तात्यांनी मागं वळून पाहिलं. “अरं भीमा, भाईर का उभा? ये की आत.”

तो आत गेला. पडद्यावर खताच्या गोण्या होत्या, इतक्या स्वच्छ, की वरची अक्षरं वाचावीत.

“पोरगी हुशार हाय तुझी,” कुणीतरी म्हणालं.

भीमराजनं मान हलवली. स्वतःच्या पायांचा एवढा राग त्याला कधी आला नव्हता.

तो पुन्हा वर गेला. कलाबाई दोन्ही हातांनी पाइप धरून डोळे मिटून उभी होती.

“दिसली?”

“दिसली.”

“कशी दिसत हुती?”

“तुझ्यावानी.”

ती लाजून हसली. खालून तात्या ओरडले, “धरून ऱ्हावा रं, आता बातम्या हायत.”

भीमराजनं तिची आखडलेली बोटं हळूहळू पाइपावरून सोडवली आणि दोघं शिडी उतरून आपल्या घराकडे चालू लागली.