ज्या आवाजावर गाव बसते

मित्रांनो, मला समोर पाहिलेत तर तुम्ही नाक मुरडाल. माझ्या अंगावर गंजाचे पोपडे आहेत, तळ करवतीने कापलेला आहे आणि पोटात काहीही नाही. मी म्हणजे मोडीत निघालेला ऑक्सिजनचा सिलिंडर. पण सामोआच्या उपोलु बेटावर, दक्षिण किनाऱ्याच्या एका गावात, संध्याकाळ झाली की सगळे माझ्या आवाजाची वाट बघतात. मी त्या गावाची घंटा आहे. हे काम मला कसे मिळाले आणि मिळाल्यावर ते किती जड गेले, ते सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. कोणत्या देशात, ते मला ठाऊक नाही. तापलेले पोलाद ओढून माझे लांबट शरीर घडवले, वर काळा रंग दिला आणि गळ्याशी पितळी झडप बसवली. मग जहाजातून मी आपियाच्या बंदरावर आलो. तिथे बोटी दुरुस्त करण्याचा कारखाना होता. वेल्डिंगवाले माझ्या जोरावर जाड पत्रे कापत आणि काम झाले की माझ्या पाठीवर थाप मारत. एखादी बोट समुद्रात उतरली की मला वाटे, हिला तरंगवणारा मीच. थोडा माज चढला होता, हे कबूल करतो.

पुढे झडप गळू लागली. तपासनीस आला, त्याने मला ठोकून पाहिले, मान हलवली आणि छातीवर पांढरी फुली मारली. त्याच दिवशी माझी रवानगी कारखान्यामागच्या गवतात झाली. कोंबड्या माझ्यावर बसत, डुकरे पाठ खाजवत. ऊन, पाऊस, खारा वारा यांचे मला दुःख नव्हते. पण आता आपण कशासाठी आहोत, हा प्रश्न सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या रिकाम्या पोटात घुमत राही आणि त्याला उत्तर मिळत नसे.

तिथून मला उचलले ते तुइलोमा नावाच्या म्हाताऱ्याने. तो आपल्या गावाचा वक्ता होता. पंचायतीत हातातल्या काठीवर रेलून तो बोलायला उभा राहिला की पोरेटोरेसुद्धा गप्प होत. गावातली जुनी घंटा फुटली होती आणि तो नवी शोधायला शहरात आला होता. ट्रकमधून मला उतरवताना गावकरी खो खो हसले.

"तुइलोमा, घंटा आणायला गेलात आणि हे भंगार घेऊन आलात?"

"भरलेला असता तर वाजला असता का रे?" म्हातारा म्हणाला. "रिकामा आहे म्हणूनच आपल्या कामाचा."

त्यांनी माझा तळ कापला आणि चर्चसमोरच्या नीरफणसाच्या फांदीला मला साखळीने टांगले. लोखंडी कांब माझ्या अंगावर पडली तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. तो थेट डोंगरावरच्या अळूच्या मळ्यांपर्यंत गेला.

आता ती कांब धरणाऱ्याविषयी. त्याचे नाव पेनियामिना. तो ऑकलंडला मांसाच्या कारखान्यात काम करी. तिथे हुकाला टांगलेला अर्धा बैल पाठीवर पडला आणि त्याचा कणा कायमचा वाकला. गावी परत आला तेव्हा त्याला नारळावर चढता येईना की कंदांची कावड खांद्यावर घेता येईना. तो मोठी बहीण मोएलागी हिच्या घरी राही आणि दिवसभर झावळ्यांचे पडदे विणत बसे. गावच्या तरुणांचा म्होरक्या फालानिको जाता-येता टोमणा मारी, "बस बस, पेनियामिना! कोंबड्या राखायला कुणीतरी लागतंच."

एकदा माझ्याच सावलीत तो बहिणीला म्हणाला, "ताई, माझं पान कशाला वाढतेस? मी दिवसभर करतो काय?"

"जेवतोस. तेवढं तरी नीट कर," मोएलागी म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

तुइलोमाने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी कांब आणून पेनियामिनाच्या हातात ठेवली. "पाठ गेली, हात आहेत ना? मग आजपासून गावाची संध्याकाळ तुझ्या हातात."

आमच्या गावची संध्याकाळ म्हणजे साधी गोष्ट नाही. माझा पहिला ठोका पडला की जो तो घरी परततो. दुसऱ्याला सगळे चटईवर बसतात आणि प्रार्थना सुरू होते. मग रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचे नाही. फालानिको आणि त्याची पोरे काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात. गाडी आली तर गाडी थांबवतात, पाहुणा आला तर पाहुण्याला खाली बसवतात. तिसरा ठोका पडला की गाव मोकळे. पेनियामिना रोज इस्त्रीचा सदरा घालून येई. त्याचा ठोका एकदाही चुकला नाही. बायका त्याच्या ठोक्यावर स्वयंपाकाच्या भट्टीवरचे तापलेले दगड बाजूला करून जेवण काढू लागल्या. मी मोडीतला, तोही मोडीतला, आणि आम्हा दोघांना एकाच म्हाताऱ्याने उचलून कामाला लावले होते. ती वर्षे मी सुखात होतो.

मग ती सकाळ आली.

सूर्य नुकताच वर आला होता. जमीन इतकी हलली की मी साखळीवर झोके घेत झाडाच्या खोडावर आपटलो. हादरे थांबले. पेनियामिना धावत माझ्याकडे आला आणि त्याने समुद्राकडे पाहिले. समुद्र तिथे नव्हता. पाणी किनाऱ्यासमोरच्या खडकांच्या रांगेपलीकडे मागे गेले होते आणि उघड्या पडलेल्या पोवळ्यांवर मासे फडफडत होते. मुले टोपल्या घेऊन तिकडे निघाली होती. त्याला आजीचे बोलणे आठवले. मागे गेलेला समुद्र परत येतो, आणि तो चालत येत नाही.

त्याने कांब उचलली आणि जीव खाऊन मला बडवायला सुरुवात केली.

मुलांनी टोपल्या टाकल्या आणि ती घराकडे पळाली. मला वाटले, जिंकलो! पण मित्रांनो, मुले घरात शिरली आणि मांडी घालून बसली. मोठी माणसेही बसली. आमच्या घरांना भिंती नसतात, झावळ्यांचे पडदे असतात; वारा अडवायला समुद्राकडचे पडदे आधीच पाडलेले होते, त्यामुळे कुणालाच काही दिसत नव्हते. "भूकंप झाला ना, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना बोलावली असेल," कुणीतरी म्हणाले. घराघरातून स्तोत्र सुरू झाले. फालानिकोची पोरे काठ्या घेऊन रस्त्यावर उभी राहिली. पेनियामिना जितक्या जोरात मला मारी, तितके लोक जास्त ताठ बसत. मी ओरडत होतो 'पळा' आणि गावाला ऐकू येत होते 'बसा'. इतकी वर्षे मी त्यांना तेवढेच शिकवले होते.

पेनियामिनाने कांब फेकली आणि तो रस्त्यावर आला.

"ए! प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर?" फालानिको गुरगुरला. "बस खाली!"

"अरे समुद्र येतोय! सगळ्यांना वर काढ!"

"येऊ दे. आमेन झालं की बघू."

वेळ नव्हता. समजावणे संपले होते. पण ज्याने वर्षानुवर्षे टोमणे खाल्ले, त्याला कुठला टोमणा कुठे लागतो हे चांगले माहीत असते. पेनियामिनाने झडप घालून फालानिकोच्या हातातली काठी हिसकावली. "ही काठी कोंबड्या हाकायला बरी! तुझ्या आजीचं डुक्कर तुझ्यापेक्षा जोरात पळतं रे, फालानिको! हिंमत असेल तर धर मला!" असे म्हणत तो वाकड्या पाठीने डोंगराच्या वाटेला लागला. सगळी पोरे त्याच्यामागे धावली. गावात असा प्रकार कधी झाला नव्हता. पडदे वर झाले, स्तोत्र अर्धवट राहिले आणि "धरा त्याला!" करत लोक रस्त्यावर आले.

वाटेवर मोएलागीचे घर होते. ती डोळे मिटून बसली होती. घंटा झाल्यावर ती छप्पर पडले तरी उठणारी नव्हती. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या कानावर वाईट शब्द पडू देत नाही. ती घरात असेल तर रेडिओवरचे चावट गाणेसुद्धा बंद करतो. पेनियामिना तिच्या दारात थांबला आणि तिला ऐकू जाईल असे, सगळ्या गावासमोर, घाणेरडे बोलला. ते शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. बोलताना तो रडत होता, एवढे मी पाहिले.

मोएलागी उठली. हातात खराटा घेतला. "थांब मेल्या! आज तुझी जीभच हासडते!" ती त्याच्यामागे डोंगर चढू लागली आणि तिच्यामागे सगळी आळी.

सगळे गेले असे मला वाटले. मग मी तुइलोमाचे घर पाहिले. ते समुद्राला सर्वांत जवळ होते. त्याची बायको पहाटेच मळ्यात गेली होती. अलीकडे म्हाताऱ्याचे कान गेले होते; त्याला आरडाओरडा ऐकू येत नसे, पण माझा आवाज येई. तो चटईवर ताठ बसला होता, ओठ हलत होते. ज्या आवाजाला त्याने स्वतः काम दिले, त्याचे ऐकून तो बसला होता. मला त्याला हाक मारायची होती. पण कांब मारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बोललो असतो तर तो आणखी ताठ बसला असता.

मग पाणी आले.

पुढे कितीतरी महिने मी खाजणाच्या चिखलात उलटा पडून होतो. खेकडे माझ्या पोटातून ये-जा करत. कारखान्यामागच्या गवतात मी निकामी होतो, पण तेव्हा मला निदान अपराधी वाटत नव्हते. आता वाटे, नव्हतोच वाजायला पाहिजे. यापुढचे काही मी पाहिलेले नाही. नंतर माझ्याखाली बसून लोक जे बोलले, त्यावरून सांगतो.

गावाने डोंगरावर नवी घरे बांधली. पंचायत बसली. प्रार्थना मोडली, बहिणीसमोर अपशब्द काढले, याला दंड काय? एक म्हातारा म्हणाला, नियम तो नियम. तेव्हा फालानिको उभा राहिला. "मी त्याला बदडायला धावलो होतो. मानगूट धरलं, हात उगारला आणि मागे पाण्याचा आवाज झाला. तो बदडायच्या लायकीचा नसता तर मी आज नसतो. दंड कुणाला करायचा ते ठरवा."

पेनियामिनाला दंड झाला नाही, पण त्याला झोपही येईना. मोएलागी त्याच्याशी बोलत नव्हती. रोज त्याचे पान वाढी, समोर ठेवी आणि निघून जाई. तो वाचलेल्यांचा विचारच करीत नसे. त्याच्या कानात फक्त आपलाच ठोका आणि डोळ्यांसमोर त्या ठोक्यावर ताठ होणारी म्हाताऱ्याची पाठ.

शेवटी एका पहाटे तो तुइलोमाच्या विधवेच्या झोपडीसमोर गेला, गुडघ्यांवर बसला आणि डोक्यावरून चटई ओढून घेतली. आमच्याकडे माफी अशीच मागतात. घरच्यांनी चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचे, उन्हात, सर्वांदेखत. ऊन चढले. झोपडीतून कुणी आले नाही. वाकलेल्या पाठीला तसे बसवत नव्हते, तो थरथरू लागला. तेवढ्यात चटईची कड हलली आणि शेजारी कुणीतरी येऊन टेकले.

"सरक जरा," मोएलागी म्हणाली.

"ताई, ते शब्द..."

"गप्प बस. पुन्हा काढलेस तर खराटा आहेच माझ्याकडे." मग चटईखालच्या अंधारात तिने त्याच्या पाठीला हात लावला. किती महिन्यांनी ती बोलली होती, तो लहान मुलासारखा रडला.

विधवा बाहेर आली आणि तिने चटई उचलली. "माझा नवरा आयुष्यभर आवाज झाला की बसला. तू वाजवलंस म्हणून तो बसला, आणि तू वाजवलंस म्हणूनच माझ्या नातवंडांनी टोपल्या टाकल्या. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडता येत नाही, तूही निवडू नकोस. ऊठ. संध्याकाळी पोरं घरी येत नाहीत रे. जा, घंटा शोधून आण."

मला खाजणातून बहीण-भावाने ओढून काढले. चिखल धुतला, तेव्हा छातीवरची पांढरी फुली अजून होती. आता मी डोंगरावर टांगलेला आहे. संध्याकाळी पेनियामिना मला सावकाश वाजवतो. तो 'बसा'चा आवाज. आणि अधूनमधून भर सकाळी, न सांगता, ठणाठण वाजवतो, तो 'पळा'चा. तेव्हा मळ्याच्या माथ्यापर्यंत सगळी मुले धावत सुटतात आणि त्यांच्यामागे पोट सांभाळत फालानिको. पेनियामिना पहिला सावकाश ठोका देण्याआधी अजून वळून समुद्राकडे बघून घेतो. मलाही भीती वाटते. जे काम आपल्याला जगवते त्याचीच भीती वाटावी, हे मला कारखान्यामागच्या गवतात पडलो होतो तेव्हा ठाऊक नव्हते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यासारखी जुनी, मुकी वस्तू दिसली तर तिला गवतात फेकू नका, हे तर आहेच. पण तिचा आवाज झाला की डोळे मिटून बसूही नका. आधी उठा, बाहेर बघा.

मोएलागी तसेच करते. माझा ठोका पडला की ती समुद्राकडचा पडदा वर करते आणि दूरवर नजर टाकते. तिचे बघून आता सगळे गाव पडदे वर करते. त्यात वेळ जातो, पाद्रीसाहेब कुरकुरतात. पण शेवटच्या घराचा पडदा वर होऊन खाली येईपर्यंत पेनियामिना कांब हातात धरून थांबतो, आणि मगच दुसरा ठोका देतो.