मखराला टांगलेली चकती

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. यंत्र म्हणावं तर मला चाकं नाहीत, पुस्तक म्हणावं तर पानं नाहीत. माझं अंग म्हणजे एक चंदेरी चकती, आणि तीही आता खरवडलेली. हसायचं तर हसा. हसण्यासारखंच झालं आहे माझं.

जन्मलो परदेशात. संगणकाच्या डिस्कवर जे काही असेल, त्याची हुबेहूब प्रत काढून एका फाईलीत ठेवायची, आणि डिस्क बिघडली की त्या फाईलीतून सगळं पुन्हा उभं करायचं, एवढंच माझं काम. ती फाईल मात्र फक्त मलाच उघडता येते. हे लक्षात ठेवा. माझ्या मालकाने ठेवलं नाही.

मालकाचं नाव गोकुळदास. गोवा घटकराज्य झाल्यावर त्याने डिचोलीच्या बसस्टँडजवळ टायपिंगचं दुकान घातलं, पुढे संगणक घेतले आणि १९९९ साली मला आणलं. मराठी अर्ज, कोंकणी अर्ज, जत्रेची पत्रकं, सगळं तिथे टाइप व्हायचं. वीज चारदा गेली-आली की संगणक मान टाकायचा. मग माझी आठवण. अर्ध्या तासात मी सगळं होतं तसं करून द्यायचो. "हे चकतीत देव आसा," असं गोकुळदास गिऱ्हाइकांना सांगायचा. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल असायचं. तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दुकानात सुलोचना टाइप करायची. ती पेडण्यातल्या इब्रामपूरची. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या अंगणात, बायका समोरासमोर रांगा धरून धालोची गाणी म्हणतात. सुलोचनाच्या आईला, आनंदीला, अशी अडतीस गाणी येत होती. तरण्या पोरींना जेमतेम पाच. म्हणून एका पौषात सुलोचनाने आईला दुकानात आणून माईकपुढे बसवलं. आनंदी तोंड उघडेना.

"हांगा मांड ना गो बाय," ती म्हणाली. "मांड नासतना धालो कसो म्हणूं?"

दुसऱ्या दिवशी सुलोचनाने मांडावरची मूठभर माती केळीच्या पानात बांधून आणली आणि संगणकापुढे ठेवली. आनंदीने मातीला हात लावून नमस्कार केला आणि मग ती गायला लागली. तीन दुपारी गात होती. मी त्या डिस्कची प्रत काढली, ती चार चकत्यांवर मावली. सुलोचनाने चारींवर पेनाने 'आई' असं लिहिलं.

पुढे २०१३ साली कंपनीने मला बंद केलं. मी थकलो नव्हतो, चुकलो नव्हतो. मला एका बड्या कंपनीने विकत घेतलं होतं आणि तिला दुसराच माल खपवायचा होता, बस्स. चार ओळींची सूचना निघाली.

"कंपनीनूच बंद केलो न्हय? आतां हाचो कितें उपेग?" गोकुळदास म्हणाला.

गणपतीची चवथ आली. मखराला काहीतरी चकाकतं हवं होतं. 'आई' लिहिलेल्या चार चकत्या त्याने कपाटात नीट ठेवल्या आणि मला पाठीला गोंद लावून मखरावर चिकटवलं. विसर्जनानंतर फेकणं जिवावर आलं, म्हणून कारापूरच्या शेतात नेलं आणि भोकातून दोरी ओवून काठीला टांगलं. पिकल्या भातावर पाखरं बसू नयेत म्हणून. माझ्यात देव होता ना! तो देव तिथे पोपट हाकलत बसला. भात कापून झालं तरी मला कोणी काढलं नाही.

कार्तिकात आनंदी वारली. त्याच महिन्यात दुकानातल्या संगणकाची डिस्क बिघडली आणि तिच्यावरची मूळ गाणी गेली. पौष तोंडावर आला तशा गावच्या बायका सुलोचनाकडे गाणी मागायला आल्या. तिने चारही चकत्या घालून पाहिल्या. संगणक म्हणाला, ही फाईल ओळखता येत नाही. नव्या प्रोग्रॅमांनीही हात वर केले. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की या उत्पादनाची सेवा बंद आहे.

"बाब, ती मूळची चकती खंय आसा?" सुलोचनाने विचारलं.

गोकुळदासचा चेहरा उतरला. तो तसाच कारापूरला गेला, मला सोडवून आणलं, सदऱ्याला पुसलं आणि यंत्रात घातलं. यंत्राने मला तीनदा फिरवलं आणि बाहेर टाकलं. गोंदाने, उन्हापावसाने माझं काही वाचण्याजोगं उरलं नव्हतं.

"हांवेंच ती उमकळायली गो," आपणच ती टांगली, एवढं बोलून तो खाली बसला. सुलोचनाने केळीच्या पानातली ती जुनी माती खणातून काढली आणि घरी नेली.

त्या पौषात इब्रामपूरच्या मांडावर पाचच गाणी झाली.

आता आम्ही पाचही चकत्या एका डब्यात आहोत. आनंदीचा आवाज माझ्या शेजारी आहे, अगदी चिकटून, आणि मला तो उघडता येत नाही. मित्रांनो, काही जपून ठेवाल तेव्हा ते उघडणाऱ्यालाही जपा. कोणी लांबून बंद म्हटलं म्हणून तुम्ही लगेच त्याला काठीला टांगू नका. आधी विचारा, याच्या भरवशावर कोणाचं काय ठेवलेलं आहे.

परवा दसऱ्याला गोकुळदासने डबा उघडून माझ्यावर पुन्हा झेंडूचं फूल ठेवलं. मी त्याला माफ केलेलं नाही.