अस्तराखालचे टाके

शिंप्याच्या त्या दुकानात कटिंगच्या टेबलापाशी उभं राहणाऱ्याला काय काय मिळणार होतं? खिडकीचा उजेड, गळ्यात टेप, 'मास्तर' ही हाक आणि मागच्या खोलीत काजं-बटणं करण्यातून कायमची सुटका. उमेदवार दोनच होते, आपले मास्तर आणि त्यांचा जिवलग दोस्त. दोघं एका डब्यातून जेवायचे, एकमेकांची गाणी बिघडवायचे. काय दिवस होते ते!

मालकांनी दोस्ताबद्दल विचारलं तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले होते, "त्याची नजर हल्ली कमी झालीय. काळजी वाटते म्हणून सांगतो."

टेबल मास्तरांना मिळालं. दोस्त काही महिन्यांत दुकान सोडून घरीच शिवू लागला.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. मास्तर रोज कात्री उचलण्याआधी डोळे मिटून म्हणत, "देवा, मनात पाप दडलं असेल तर दाखव, बरं कर."

बायको चिडवायची, "रोज विचारता, पण उत्तर ऐकायला थांबलात कधी?"

एका सकाळी दोस्ताची बायको जुना कोट घेऊन दुकानात आली. "भावोजी, हा जरा आत घ्या. ह्यांना सैल होतो आता."

"त्यानं नाही केला?"

"बोटं वळत नाहीत हो त्यांची. दुकान सोडलं त्या वर्षी त्यांनीच शिवला होता."

सवयीप्रमाणे मास्तरांनी कोट उलटा केला. अस्तराचे हातटाके कणीएवढे बारीक, काळ्या कापडावर काळा दोरा, रेघ कुठे हललेली नाही. नजर गेलेल्याचं हे काम नव्हे. मास्तरांनी त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. दोस्ताला एकदा सुईत दोरा ओवता आला नव्हता, त्यांनी पाहिलं होतं ते इतकंच. बाकीची काळजी त्यांनी स्वतः शिवली होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देवानं दाखवलं ना? आता बरं व्हायचं तर त्यांच्या दारात जा. देव्हाऱ्यापुढे बसून भागायचं नाही."

मास्तर गेले. कबूल केलं.

दोस्त म्हणाला, "मालकांकडून कळलं होतं मला. वाटायचं, तू जाणूनबुजून खोटं बोललास."

"नाही रे. आधी मी मलाच पटवलं."

"मग हे जास्त वाईट." तो थोडा हसला. "चहा घे."

"माफ करशील?"

"आज नाही जमणार. उद्या ये. परवाही ये."

मास्तर रोज जाऊ लागले. तो कोटही त्यांनी त्याच्यासमोर बसून, त्याच्या शिव्या खात, आत घेतला.

वाचकहो, पाप शोधताना आपण आपल्या चुका चाचपतो. ते बहुधा आपल्या चांगुलपणात लपलेलं असतं, 'तुझ्या भल्यासाठी सांगतो' म्हणत. देवाकडे उजेड मागावा, आणि तो पडला की उठून माणसाकडे जावं.

हिशेब साधा आहे. टेबल एकाला मिळालं. किंमत दुसऱ्यानं भरली, तीस वर्षं, तोंडातून एक शब्द न काढता.