हिरव्या पट्टीचा निरोप

नणंद-भावजयीच्या हातात एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या दिल्या तर ते कुलूप जन्मात उघडायचं नाही, असं वर्गातल्या टवाळांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. ते साफ तोंडघशी पडले. त्या दोघींचं असं काही गुळपीठ होतं की शिकवणाऱ्या सरांनाच त्याची काळजी वाटायला लागली. "भांडणारी जोडी मला चालेल," ते म्हणायचे, "पण डोळे मिटून एकमेकींवर विश्वास टाकणारी नको." यावर दोघी एकदमच हसायच्या, आणि सर कपाळाला हात लावायचे.

नणंदेला सगळा वर्ग ताई म्हणे आणि भावजयीला वहिनी. दोघी एकाच घरातून आणि एकाच कार्यालयातून आल्या होत्या. जिवावर उदार होऊन कोर्टात साक्ष देणाऱ्या माणसांना नंतर दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावानं लपवून ठेवावं लागतं. त्यांची दफ्तरं सांभाळणारं ते कार्यालय. तिथे आता संगणकावरची नवी यंत्रणा येणार होती आणि ती चालवायला माणसं तयार करण्यासाठी हा वर्ग भरला होता.

ती यंत्रणा म्हणजे महासंशयी सासू. तिच्यात प्रत्येक फाइलला लेबल असे. हिरवं म्हणजे कुणीही बघावं. लाल म्हणजे आत कुणाचा तरी ठावठिकाणा आहे. तुम्ही कामाला बसलात की पडद्याच्या माथ्यावर हिरवी पट्टी दिसायची. लाल फाइल एकदा उघडली की पट्टी लाल व्हायची आणि बाहेर पडेपर्यंत लालच राहायची. मग तुम्ही साधं "चहा घेऊ या का" असं लिहिलंत तरी तो निरोप लाल ठरायचा, आणि हिरव्यात बसलेल्या माणसापर्यंत पोचायचाच नाही. मुख्य पासवर्ड जवळ असला तरी काही उपयोग नाही. लाल कागद हिरवा करून बाहेर धाडायचा तर दोन माणसं लागत. पहिल्यानं तो ओळ न् ओळ वाचून "नाव-पत्ता राहिलेला नाही" असं कळवायचं, दुसऱ्यानं तो स्वतः पुन्हा वाचून मंजुरी द्यायची. एकाच्या डोळ्यांतून सुटलं तर दुसऱ्याच्या सापडावं, एवढाच त्यामागचा हिशोब.

आज शेवटची परीक्षा होती. वहिनीला सकाळपासून धास्ती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. ताई मागच्या खेपेला नापास झाली होती. या खेपेला अडकली तर तिला या कामावरून काढून लांबच्या शाखेत टाकणार, हे कार्यालयातल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कूस बदलून द्यायची तर ताईच लागे. दुसऱ्या कुणाचा हात लागला की म्हातारी ओठ घट्ट मिटून घेई आणि जेवणावर राग काढी. ताई गावाबाहेर गेली तर त्या घराचं काय होईल, याचा विचारसुद्धा वहिनीला करवत नव्हता.

दोघींना शेजारशेजारच्या खोल्यांत बसवलं होतं. मधे एक पातळ भिंत, बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून सर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मी तुमच्या पडद्यांत डोकावणार नाही. दुसऱ्या माणसाचा जो शेरा येईल, त्यावरच निकाल. उद्या कामावर मी काही तुमच्या पाठीशी उभा नसेन."

सकाळच्या फाइली सुरळीत पार पडल्या. ताईचे निरोप लाल पट्टी लावून आले, वहिनीनं सगळं वाचून मंजुरी दिली. जेवायच्या सुट्टीत दोघींनी एकाच डब्यातून खाल्लं. ताईचं लक्ष नव्हतं. घड्याळ बघत ती म्हणाली, "एकच राहिली ना गं? सुटले बाई एकदाची."

सुट्टीनंतर सगळ्यांनी यंत्रणेत नव्यानं प्रवेश केला, पडदे पुन्हा हिरवे झाले. शेवटची फाइल जाडजूड होती. वहिनी हात चोळत बसली. ताईला वाचायला बराच वेळ लागणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. पण निरोप लगेच आला, पाठोपाठ फाइल. वहिनीनं सवयीनं आधी फाइलच उघडली. पट्टी लाल झाली. मग तिनं निरोप वाचला.

"सगळी वाचली. स्वच्छ आहे. कर मंजूर."

निरोपाच्या माथ्यावर हिरवी पट्टी होती.

वहिनीला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. तिनं चष्मा पुसला. पट्टी हिरवीच. ताईनं फाइल उघडली असती तर तिचा पडदा लाल झाला असता, आणि हा निरोपही. म्हणजे ताईनं फाइल उघडलीच नव्हती. घाईच्या भरात आपल्या निरोपाचा रंगच आपल्याला उघडं पाडेल, हे तिच्या ध्यानातही आलं नसणार.

तिची बोटं आपोआप कळफलकावर गेली. "ताई, अहो, उघडा ती आधी," असं तिनं लिहिलंसुद्धा. यंत्रणेनं निरोप परत तिच्या तोंडावर फेकला: लाल मजकूर हिरव्याकडे जाणार नाही. निरोप आधी वाचला असता, तर ती हिरव्यातूनच दोन शब्द लिहू शकली असती. आता बाहेर पडून परत यावं तर परीक्षा तिथेच संपत होती. पडद्यावर दोनच बटणं होती, मंजूर आणि नामंजूर. वेळ भराभर सरत चालला होता.

भिंतीवर टकटक करावी? तिनं मूठ उचललीही. व्हरांड्यात सरांची खुर्ची करकरली, आणि ती मूठ तिनं मांडीवर दाबून धरली.

मग ती वाचायला लागली. निदान काहीतरी सापडू दे, असं मनात म्हणत वाचत गेली. एखादं नाव, एखाद्या शाळेचा पत्ता. म्हणजे नामंजूर करताना मन खाणार नाही. पण फाइल लख्ख होती. शेवटच्या ओळीपर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. वहिनीला रडू फुटायचं बाकी राहिलं. मंजूर दाबलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? कागद स्वच्छ, ताई पास, घर जागच्या जागी.

आणि तिथेच तिला ताईचा राग आला. असा राग तिला या बाईचा कधीच आला नव्हता. तू वाचशील म्हणून मी नाही वाचणार, हे ताईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. उद्या कामावर एखाद्या दिवशी वहिनीचंही डोकं दुखत असेल. तीही म्हणेल, ताईनं वाचलंय ना. आणि कुठल्यातरी गावात लपलेल्या माणसाच्या दाराशी नको ती माणसं येऊन उभी राहतील. ते दार तिला अगदी स्पष्ट दिसलं.

तिनं नामंजूर दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, "पहिल्या व्यक्तीने फाइल उघडलेली नाही." तेवढं एक वाक्य तिनं दोनदा वाचलं आणि पाठवलं.

सरांनी निकाल सांगायला फार शब्द वापरले नाहीत. वहिनी पास, ताई नापास. सर आत निघून गेले आणि व्हरांड्यात दोघीच उरल्या.

"काय सापडलं गं?" ताईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण आवाजात आशा होती. काहीतरी सापडलं असेल तर निदान नापास होण्याला अर्थ होता.

खोटं बोलणं सोपं होतं. एक नाव राहिलं होतं, एवढं म्हटलं की झालं.

"काही नाही सापडलं, ताई. स्वच्छ होती."

"मग?"

"तुम्ही उघडलीच नव्हती. निरोप हिरवा आला."

ताईनं डोळे मिटले, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं, हे वहिनीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला वाटलं, तू वाचशीलच," ती पुटपुटली. "तू कधी चुकत नाहीस."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. घरून आई. पलीकडचा आवाज वहिनीलाही ऐकू आला, "झालं का? दोघी पास ना?"

वहिनीनं मान खाली घातली. आता घरभर होईल. सुनेनं लेकीला पाडलं, आणि म्हातारीची लेक घरापासून तोडली. उद्यापासून सासूबाई तिच्याकडे तोंडसुद्धा वळवायच्या नाहीत.

"ती झाली, आई," ताई म्हणाली. "मी नाही."

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं.

"नाही, आई. तिनं नाही पाडलं. मी न वाचताच वाचलं म्हणून सांगितलं. उद्यापासून तिच्या हातून कूस बदलून घ्यायला शिक. हो, तिच्याच. मी तिला दाखवून ठेवीन, पाठीला कुठे धरायचं ते."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि चपला सरकवल्या. वहिनीच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं. ती पुढे झाली, तशी ताईनं हात वर करून तिला थांबवलं.

"घरी चल," ती म्हणाली. "पण आज माझ्याशी बोलू नकोस."